जड झालेलं स्टेअरिंग

ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात दादांची गाडी वळताना कण्हत होती. दादा म्हणजे माझे वडील. सरळ रस्त्यावर गाडीला काही व्हायचं नाही. पण चौकात, गल्लीच्या तोंडाशी, जिथं जिथं स्टेअरिंग फिरवावं लागे, तिथं बॉनेटखालून एक लांबट, घसा बसल्यासारखा आवाज निघायचा आणि चाकं सरळ झाली की बंद व्हायचा. घरात बसलेल्या मला आणि मायला गाडी दिसायच्या आधी ती वळल्याचं कळायचं. माय भाकरीचं पीठ मळता मळता म्हणायची, "आले."

मी तेव्हा नांदेडला महाविद्यालयात शिकवत होते. शनिवारी तास संपले की लोहा, अहमदपूर, चाकूर करत बसनं लातूरला यायचं आणि सोमवारी सकाळच्या बसनं परत जायचं, असं चाललं होतं. पिशवीत कपड्यांच्या जागी पाण्याच्या बाटल्या असायच्या. नांदेडलाही पाणी भरपूर होतं असं नाही, पण नळ अधूनमधून यायचा. लातुरात नळाची वाट बघणंच लोकांनी सोडून दिलं होतं. घरोघरी दारात निळे ड्रम उभे होते, त्यांच्यावर रंगानं घराचे नंबर लिहिलेले, आणि कुठलंही बोलणं टँकरवर येऊन थांबायचं. मला दोन्हीकडं करमत नव्हतं. नांदेडला वर्गात फळ्यासमोर उभी असले की घरचा ड्रम भरला असेल का, हा विचार; आणि लातूरला पोचले की लगेच परत जायची घाई.

दादा सरकारी ड्रायव्हर होते. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा उस्मानाबादहून जी माणसं आणि ज्या गाड्या इकडं धाडल्या, त्यांत दादा आणि त्यांची जीप होती. ऑफिस भाड्याच्या घरात होतं, दारावर पाटीसुद्धा नव्हती. साहेब बाहेरगावचे, कुठलं गाव कुठल्या रस्त्याला आहे हे त्यांना दादांना विचारावं लागायचं. रस्ते तरी कुठं धड होते! त्या जीपचं स्टेअरिंग असं होतं की अवघड वळणावर ते फिरवायला दादा सीटवरून अर्धे उठायचे. त्यांचे दंड त्यामुळं लाकडासारखे टणक झाले होते. लहानपणी मी आणि शेजारची पोरं त्यांच्या आडव्या हाताला लोंबकळायचो आणि ते आम्हाला तसंच उचलून दारापर्यंत न्यायचे. आमच्या घराण्यात सरकारी नोकरी लागलेले ते पहिलेच. त्यांच्या वडिलांचं सगळं आयुष्य कंधारकडं दुसऱ्यांच्या शेतात राबण्यात गेलं होतं. दादांची जीप गावात शिरली की ज्यांच्या शेतात आजोबा राबले, ती माणसं ओट्यावरून उठून रस्त्यावर यायची. दादा त्याबद्दल कधी बोलायचे नाहीत. पण गावाकडं जाताना इस्त्रीचा शर्ट घालायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी कार घेतली. तिला पावर स्टेअरिंग होतं. पहिल्या दिवशी चक्कर मारून आले ते नाराज होऊनच.

"हाताला लागतच न्हाई गाडी," ते म्हणाले. "खाली रस्ता हाय का न्हाई, समजना."

मग हळूहळू सवय झाली. इतकी, की नुसता तळहात ठेवून ते गाडी वळवायचे आणि माय म्हणायची, नीट धरा की जरा.

त्या उन्हाळ्यात त्यांनी पाणी आणायचं काम अंगावर घेतलं. ते अंगावर घ्या असं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांच्याच ऑफिसातला एक जुना शिपाई निवृत्त होऊन गावी शेती करत होता. शहराबाहेर नांदेड रस्त्याला त्याचं रान होतं आणि त्याच्या बोअरला अजून थोडं थोडं पाणी येत होतं. तो दादांना भेटला की रामराम घालायचा, दादा जयभीम म्हणायचे आणि मग दोघं एकमेकांच्या तंबाखूच्या पुड्या उघडायचे, अशी त्यांची जुनी मैत्री. दादांनी गाडीची मागची सीट काढून टाकली, तिथं आणि डिकीत कॅन भरले. आमच्या गल्लीत म्हाताऱ्या माणसांची घरं बरीच. टँकर आला की धावत जाऊन पाइप पकडणं त्यांना जमायचं नाही. दादा त्यांच्यासाठी रोज खेपा करायचे. गाडीची मागची बाजू पाण्याच्या वजनानं खाली बसायची आणि ती कण्हत कण्हत गल्लीत वळायची.

तो आवाज कशाचा, हे मला ठाऊक होतं. ड्रायव्हरची पोर, गाडी मी दादांकडूनच शिकले होते. पावर स्टेअरिंगचं तेल कमी झालं की पंप हवा ओढतो आणि ओरडतो. दादा रोज सकाळी बॉनेट उघडायचे, तेलाच्या डबीचं झाकण फिरवून आत डोकवायचे आणि बाटलीतून थोडं लाल तेल घालायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घातलेलं तेल कुठंतरी जात होतं. कुठं, तेही दिसत होतं. दारासमोरच्या फरशीवर जिथं माय एरवी सडा घालायची, तिथं तेलाचा काळपट डाग वाढत चालला होता. सड्याला पाणी नव्हतंच. माय त्या डागावर चुलीची राख टाकायची आणि झाडून घ्यायची.

"दादा, गळती काढून घ्या एकदा," मी म्हणायची. "नुसतं वरून वरून घालून काय होतंय?"

"गाडी गॅरेजला अडकली तर पाणी कोण आणंल?"

"एक-दोन दिवसांचंच काम असेल."

"तितके दिवस मावशीनं काय पिऊन राहायचं?"

मावशी म्हणजे समोरच्या घरातली एकटी म्हातारी. दादांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण त्यांच्यात एक अस्वस्थपणा आला होता, तो मला खटकत होता. ते घरात टेकत नव्हते. जेवायला बसले तरी मधेच उठून फाटकापर्यंत जाऊन यायचे. गाडीचं बॉनेट सकाळी बघितलेलं असलं तरी दुपारी पुन्हा बघायचे. रस्त्यावर उभे राहिले की दोन्ही हात खिशात. चहा बशीत ओतून घ्यायचे, आणि बशी डाव्या हातानं. मला वाटलं, दुष्काळानं सगळ्यांचंच डोकं ठिकाणावर नाही, दादांचं तरी कसं असेल.

एका रविवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर पाण्याला गेले. रानात ज्वारीचा नुसता सड उभा होता आणि बोअरच्या पाइपातून पाणी धाप लागल्यासारखं थांबून थांबून येत होतं. दादांनी पाइप धरला. कॅन भरला की ते मला म्हणायचे, "घे, ठेव गाडीत." एकही कॅन त्यांनी स्वतः उचलला नाही.

त्यांचा शेतकरी मित्र हसत म्हणाला, "पोरीला कामाला लावलं व्हय आज?"

"शिकली-सवरली म्हणून काय झालं," दादा म्हणाले. "अंग हलवावं माणसानं."

मित्र हसला, मीही हसले. एरवी कॅन हा मित्रच उचलून द्यायचा, हे मला नंतर कळलं.

परतताना रस्ता सरळ होता, गाडी नीट चालली होती. शहरात शिरल्यावर पहिल्या चौकात आवाज आला तो नेहमीपेक्षा मोठा. पुढच्या वळणावर तर आवाजाबरोबर सगळी गाडी थरथरली. मी म्हटलं, "दादा, थांबवा. बॉनेट उघडून बघू." ते म्हणाले, "आलंच की घर." त्यांच्या कपाळावर घाम होता. पण त्या उन्हात घाम कुणाच्या कपाळावर नव्हता?

आमच्या गल्लीचं वळण काटकोनात आहे. वळलं नाही तर समोर मावशीचं घर. त्या दिवशी टँकर येऊन गेलेला होता, त्यामुळं मावशीच्या भिंतीला लागून भरलेले आणि रिकामे ड्रम ओळीनं उभे होते आणि त्यांच्या बाजूला तीन-चार बायका बोलत उभ्या होत्या. दादांनी गाडी हळू केली आणि स्टेअरिंग वळवायला घेतलं. बॉनेटखाली एकदाच कर्कश आवाज झाला, पट्टा घसरल्यासारखा, आणि मग काहीच नाही. स्टेअरिंग थोडं वळलं आणि थांबलं. दादांनी दोन्ही हातांनी जोर लावला. मी त्यांच्या हाताकडं बघत होते. डाव्या हाताच्या शिरा ताणलेल्या, आणि उजवा हात स्टेअरिंगवरून घसरून खाली त्यांच्या मांडीवर पडला. त्यांनी तो पुन्हा वर ठेवला, तो पुन्हा घसरला. या सगळ्यात ब्रेक दाबायला उशीर झाला. बायका बाजूला पळाल्या. गाडी हळूच, अगदी चालत गेल्यासारखी, ड्रमांच्या ओळीत घुसली आणि भिंतीपाशी थांबली.

कुणालाही लागलं नाही. रिकामे ड्रम गडगडत गेले. मावशीचा भरलेला ड्रम मात्र गाडी आणि भिंतीच्या मधे सापडून उभा चिरला आणि पाणी बाहेर आलं. एक बाई धावत घरात गेली आणि परात घेऊन आली, दुसरीनं घागर लावली. चिरेतून जेवढं धरता येईल तेवढं त्यांनी धरलं. बाकीचं गल्लीच्या उतारानं गेलं आणि पाहता पाहता धुळीत मुरून गेलं. कुणी आरडाओरडा केला नाही. सगळे ते पाणी जाताना बघत होते.

दादा जागेवरून हलले नाहीत. गाडी मागं घ्यायला हवी होती. इंजिन चालू होतं. मी बाजूनंच वाकून त्यांच्या समोरचं स्टेअरिंग धरलं आणि फिरवलं. जड होतं, लई जड, दात आवळून ओढावं लागलं. पण वळलं. माझ्या हातांनी वळलं. दादांनी ते बघितलं, आणि मी बघितलं की त्यांनी बघितलं.

"जाम झालतं स्टेरिंग," ते म्हणाले.

रिव्हर्स टाकून त्यांनी गाडी मागं घेतली, वळवलं मी.

आणलेले सगळे कॅन आम्ही त्या दिवशी मावशीकडं रिकामे केले. आमचं मोठं पिंपही तिच्या दारात नेऊन ठेवलं. दादा तिच्या ओट्याच्या पायरीवर बसून राहिले. ती म्हणाली, "पान्याचं काय एवढं मनाला लावून घेता? उद्या येईल टँकर. माझ्यावर घालायची न्हवती ना गाडी, मग झालं." ती हसवायला बोलली, पण दादांना हसू आलं नाही.

घरी आल्यावर ते आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले. मी मायला विचारलं, "त्यांच्या हाताला काय झालंय?"

माय तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "दिवाळीपासून चालू हाय," ती म्हणाली. "उजवा हात वर जाईना. शर्टाची बटनं मीच लावून देते. घास बी कधी कधी गळून पडतो."

"मला सांगितलं का नाही कुणी?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणले, पोरीला कळलं तर ती गाडी बंद करायला लावंल. आन गाडी बंद झाली तर मी काय करू, सांग." तिनं पुन्हा सूप उचललं. "मला बी वाटलं, गाडी तर चालवून राहिलेत चांगली. हात इतका खराब असता तर चालवता आली असती का?"

संध्याकाळी दादा उठून बाहेर आले. त्यांनी स्वतःहून बोलायला सुरुवात केली.

"गाडी हलकी होती तवर कुणाला कळत न्हवतं," ते म्हणाले. "मला बी कळत न्हवतं खरं तर. एका हातानं फिरायची. मग तेल गळाया लागलं. तेल कमी झालं की स्टेरिंग जड व्हायचं आन माझा हात राहायचा. तेल घातलं की पुन्हा हलकं. म्हणून सारखं बघत होतो."

"मग दुरुस्त का नाही करून घेतली?"

"गॅरेजच्या उस्तादानं गाडी ठेवून घेतली असती. चार दिवस घरी बसलो असतो. घरात बसलेल्या माणसाकडं लोक निरखून बघतेत. मग तू म्हणली असतीस, दादा, बसा आता निवांत." निवांत हा शब्द त्यांनी असा उच्चारला की जणू तो एखादा आजार आहे.

मी नांदेडला फोन करून रजा कळवली. सोमवारी सकाळी गाडी मीच गॅरेजला नेली. दादा शेजारी बसले होते. प्रत्येक वळणाला मी सगळ्या अंगाचा जोर लावून ओढत होते आणि ते खिडकीबाहेर बघत होते.

ज्याला दादा उस्ताद म्हणायचे, तो गॅरेजवाला त्यांच्याच वयाच्या आसपासचा, जुन्या ओळखीतला माणूस. त्यानं डबीचं झाकण काढून बोट बुडवलं, नाकाशी नेलं. तेल लाल राहिलेलंच नव्हतं. चहासारखा रंग, वर फेस, आणि जळका वास.

"साहेब, यात काय काय घातलंय?" त्यानं विचारलं.

"लाल तेल संपलं होतं मधी," दादा म्हणाले. "दुकानात जे होतं ते घातलं. तेलासारखं तेल."

"तेलासारखं तेल नसतंय हे. झाकणावर लिहिलंय तेच पाहिजे. दुसरं घातलं की आतली रबरं फुगतेत, आणखी गळतंय." उस्तादानं गाडीखाली दिवा धरला. पंपाकडून जाणारा जाड पाइप जोडापाशी ओला होता. तिथून उडालेलं तेल पट्ट्यावर बसलं होतं, आणि पट्टा घसरला म्हणून काल पंपानं कामच सोडलं होतं. पाइप बदलायचा, पट्टा बदलायचा, जुनं तेल सगळं काढून आतली लाइन धुवायची आणि मग नवं भरायचं, असं काम निघालं. पंप वाचला होता. आणखी थोडे दिवस तसाच चालवला असता तर तोही गेला असता, असं उस्ताद म्हणाला. दादांनी मान हलवली. त्यांना हे सगळं माहीत होतं. सरकारी गाडीत कुणी असं काही केलं असतं तर त्यांनी त्याला ओरडून गॅरेज डोक्यावर घेतलं असतं.

पाइप मिळायला वेळ लागला. गाडी तिथंच राहिली आणि दादांचे हाल सुरू झाले. सकाळी चालत गॅरेजला जायचे, दुपारी उन्हात परत यायचे, संध्याकाळी पुन्हा जायचे. त्यांना भीती होती की गल्ली पाण्यावाचून तडफडेल. पण शेतकरी मित्राला मी फोनवर सगळं सांगितलं होतं. त्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकी ठेवली आणि घेऊन आला. गल्लीतल्या पोरापोरींनी बादल्या लावून घरोघरी पाणी पोचवलं. दादांच्या गाडीच्या कितीतरी खेपांचं पाणी एकदमच आलं. मावशीनं ट्रॅक्टरवाल्याला चहा केला.

दादा फाटकाशी उभे राहून बघत होते. मित्र त्यांच्याजवळ आला आणि म्हणाला, "आधी का सांगितलं न्हाई? मी आणलं असतं की रोज."

"तुझा ट्रॅक्टर रिकामा असतो हे मला काय ठाऊक," दादा म्हणाले.

मित्र गेल्यावर ते मला म्हणाले, "माझ्याबिगर बी आलं की पाणी." तक्रार नव्हती त्यात. पण त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

गाडीचं काम झालं त्या दिवशी उस्तादाला आणखी एका माणसाची गरज होती. नवं तेल भरल्यावर लाइनीत हवा राहते. ती काढायला गाडीची पुढची चाकं जॅकवर उचलून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहावं लागतं आणि एकानं डबीत बघत राहावं लागतं. मी आत बसले. उस्ताद खाली पाइपाजवळ होता. डबीवर दादा वाकले.

"फिरव," दादा म्हणाले. "हळू. अजून. थांब."

"झालं?"

"बुडबुडे येऊन राहिलेत. आता इकडं फिरव. टोकाला गेलं की धरून ठेवू नको, सोड लगेच. धरून ठेवलं की पंपावर लोड येतो."

त्यांच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी जोर होता. तेल खाली गेलं की ते डाव्या हातानं बाटली तिरकी करून थोडं घालायचे. आधी इंजिन बंद ठेवून, मग चालू करून आम्ही हे करत राहिलो. पहिल्यांदा आवाज आला, मग कमी झाला, आणि शेवटी नुसता इंजिनाचाच आवाज राहिला. डबीतलं तेल लाल आणि शांत होतं. उस्तादानं जॅक उतरवला.

दादा खिडकीपाशी आले. आत हात घालून त्यांनी उजव्या हाताचं एक बोट स्टेअरिंगवर ठेवलं आणि फिरवलं. चाकं बिनबोभाट वळली. मला वाटलं, आता म्हणतील, सरक तिकडं. मी दार उघडायच्या बेतात होते. पण त्यांनी हात बाहेर काढला, गाडीला वळसा घातला आणि डाव्या बाजूच्या सीटवर येऊन बसले.

"चल," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात मी त्यांना नांदेडला डॉक्टरकडं नेलं. रस्त्यात त्यांचा पाय सारखा खालच्या पत्र्यावर दाबला जात होता, जिथं ब्रेक नव्हता. "पुढं बस हाय." "दिसतीय मला." "खड्डा हाय." "दिसतोय, दादा." अहमदपूरच्या अलीकडं मी चिडून गाडी कडेला लावली आणि म्हटलं, तुम्ही मागं बसा. मागं सीटच नव्हती, अजून बसवलेली नव्हती. मग दोघांनाही हसू आलं. त्यानंतर नांदेड येईपर्यंत ते जरा कमी बोलले.

डॉक्टरांनी तपासलं, मानेचे फोटो काढले. मणके झिजले होते आणि हाताकडं जाणारी शीर त्यात दबली होती.

"काय काम करत होता?" त्यांनी विचारलं.

"जीप."

"किती वर्षं?"

"सगळीच," दादा म्हणाले.

डॉक्टरांनी मानेचा पट्टा, गोळ्या, व्यायाम सांगितला. फरक पडला नाही तर ऑपरेशन. हाताची ताकद थोडी परत येईल, पूर्वीइतकी नाही. गाडी बंद.

"पावर स्टेरिंगची बी?" दादांनी विचारलं.

"ती पण."

बाहेर आल्यावर दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभे राहून दादांनी रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या कितीतरी वेळ बघितल्या. मीही बघत उभी राहिले. त्यांना हात धरून खाली उतरवावं की नको, हे मला ठरवता येईना. शेवटी ते एकटेच उतरले.

सुट्ट्या लागल्या आणि मी लातूरला मुक्कामाला आले. ट्रॉली रोज येणं शक्य नव्हतं, म्हणून बाकीच्या दिवशी पाण्याच्या खेपा मी करायला लागले. दादा शेजारी असायचेच. आम्ही रोज भांडायचो. मी क्लच जास्त वापरते, मी भरलेली गाडी वळणावर जोरात घेते, मी आरशात बघत नाही. काही त्यांचं खरं होतं, काही नुसतं बोलायचं म्हणून होतं. गाडी वळताना आता आवाज यायचा नाही, त्यामुळं मायला आम्ही आल्याचं कळायचं नाही. तरी रोज सकाळी बॉनेट ते उघडायचेच. तेल रेषेवर आहे का, पाइपाचा जोड कोरडा आहे का, हे बोट लावून बघायचे. मग मला बोलवून माझंही बोट लावायला लावायचे. "डोळ्यानं कळत न्हाई," म्हणायचे, "हात लाव."

मग पाऊस झाला, ड्रम दारातून उचलले गेले, मी नांदेडला गेले. गाडी माझ्याकडं आली. दादांनी सकाळ-संध्याकाळ व्यायाम केला, मानेला पट्टा लावला, लावताना रोज शिव्या दिल्या. वर्षभरात हात खांद्यापर्यंत वर जायला लागला. बटनं लावता यायला लागली, वरचं एक सोडून. ते मायनंच लावायचं असं ठरलं. ऑपरेशनला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत.

घरी बसणं त्यांना काही जमलं नाही. एका सकाळी ते कुणाला न सांगता स्टँडवर गेले आणि उदगीरच्या बसमध्ये बसले. मायनं घाबरून मला फोन केला. मी इकडं तिकडं फोन करत राहिले. संध्याकाळी ते शांतपणे घरी आले. उदगीरला काय काम होतं विचारलं तर म्हणाले, काही न्हाई, उदगीरचा जिल्हा होणार म्हणून लोक सारखं बोलून राहिलेत, म्हटलं, बघून यावं कुठपर्यंत आलाय.

"आला का मग?" मायनं विचारलं.

"न्हाई अजून. पण चहा चांगला होता."

तेव्हापासून ते एसटीनं फिरायला लागले. ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली तरच बसायचे, नाहीतर दुसऱ्या बसची वाट बघायचे. कधी कंधार, कधी निलंगा. कधी नांदेडला माझ्याकडं यायचे, जेवायचे, आणि मी राहा म्हणायच्या आत परतीची गाडी विचारायचे. मला पूर्वी वाटायचं की ते दुष्काळामुळं अस्वस्थ आहेत. नंतर पाऊसपाणी नीट झालं तरी ते तसेच होते. तो त्यांचा स्वभावच असावा. जीप होती तोवर त्याला नोकरी असं नाव होतं.

मागच्या महिन्यात माय फोनवर म्हणाली, "तुझे दादा परवा देगलूरला जायचं म्हणतेत."

"देगलूरला कोण आहे आपलं?"

"मी बी तेच विचारलं," माय म्हणाली. "म्हणले, तिकडचा रस्ता नवा केलाय म्हणतेत, बस कशी चालते बघून येतो."